उधईचं माहेर

धामणगाव बढे आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज कर्ज, व्याज, हप्ता यातलं काहीच नाही. आज एका किड्याच्या नावाबद्दल बोलायचं आहे. किडा तुमच्या घरात आहे, गोठ्यात आहे, धुऱ्यावर आहे. नाव तुमच्या तोंडात आहे. तरी हे नाव कागदावर लिहायची वेळ आली की आपला हात अडखळतो. ते नाव म्हणजे उधई.

आमच्या मोताळा तालुक्यात कोणी उधई म्हणतं, कोणी उदई, कोणी उधळी. एकाच घरात सासू उधई म्हणते आणि सून उधळी म्हणते, कारण सून पूर्वेकडच्या गावातून आलेली असते. अकोला, अमरावतीकडे उधळी जास्त ऐकू येतं. खानदेशात गेलं की उधई पक्कं. जळगाव जिल्ह्याची हद्द आमच्यापासून लांब नाही, लेकीबाळी तिकडे दिलेल्या आहेत, तिकडच्या इकडे आलेल्या आहेत, म्हणून आमच्याकडे दोन्ही चालतं. पुण्या-मुंबईकडे याच किड्याला वाळवी म्हणतात, आणि पुस्तकात, सरकारी पत्रकात, औषधाच्या डब्यावर वाळवीच छापलेलं असतं.

आता हा शब्द आपण कसकसा वापरतो ते बघा. "चौकटीले उधई लागली." "पऱ्हाटीच्या ढिगाले उधई लागली, आता जळणाले काय घ्यावं?" "गहू मधातच वाळला, मुळाले उधई असंन." एवढ्यावर तो थांबत नाही. एखाद्या घरात दारू शिरली की शेजारीण म्हणते, त्या घराला उधई लागली. सावकाराच्या कर्जाबद्दल आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या होत्या, "बाहेरून दार चांगलं दिसते माय, बोट लावलं का आत जाते." ज्यांनी उधईने खाल्लेलं दार पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. वरचा रंग तसाच, वरची साल तशीच, आणि आत नुसती माती. उधई उजेडात खात नाही. ती आपल्यासाठी मातीची बारीक नळी बांधत येते, त्या नळीतूनच जाते-येते, आणि खाल्लेल्या जागी माती भरून ठेवते. म्हणून आपल्याला कळायला उशीर होतो.

तर या शब्दाचा शोध आम्ही का घेतला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाला आमच्या गटांतल्या बाया गेल्या होत्या. विषय होता धान्य साठवण. शिकवणाऱ्या साहेबांनी विचारलं, घरातल्या धान्याचं नुकसान कशाने होतं? आमच्या एक ताई उठून म्हणाल्या, उधईनं. साहेब हसले. म्हणाले, "उधई नाही हो, वाळवी. जरा शुद्ध बोलायला शिका." ते हसले म्हणून बाकीच्याही हसल्या. ताई खाली बसल्या आणि दिवसभर बोलल्या नाहीत. त्यांना खरं तर पुढे विचारायचं होतं की तुराट्यांच्या कुडाला लागलेली उधई आता गव्हाच्या कोठीखालच्या फळीपर्यंत आली आहे, धान्याजवळ औषध टाकता येत नाही, मग करावं काय? प्रश्न पोटातच राहिला. त्या पावसाळ्यात फळी बसली, कोठी कलंडली, आणि दोन पोती गहू भिजला. वर्षाच्या खाण्यातले दोन पोते म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

साहेबांचा हेतू वाईट नव्हता, असं आम्हीही म्हणतो. पण उधई अशुद्ध, असं ते ज्या खात्रीनं म्हणाले ती खात्री कुठून आली, हे बघावंसं वाटलं. आमच्यातल्या एकीचं मराठी घेऊन बी.ए. झालेलं, जुन्या पुस्तकांत शब्द शोधायची थोडी सवय. मग वाचनालयं, ओळखीचे प्राध्यापक, मोबाइल, असं करत करत जे हाताला लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

शतपथ ब्राह्मण नावाचा एक फार जुना ग्रंथ आहे. वेदांच्या मागोमाग झालेला, अडीच हजार वर्षांहून जुना. यज्ञात काय करायचं, का करायचं, याच्या गोष्टी त्यात आहेत. त्यातली एक गोष्ट अशी. विष्णू सगळ्या देवांत मोठा ठरला आणि त्याला त्याचा ताठा आला. तो धनुष्याच्या टोकावर डोकं टेकवून उभा राहिला. देवांची त्याच्या अंगाला हात लावायची हिंमत होईना. तेव्हा काही किडे म्हणाले, आम्ही धनुष्याची दोरी कुरतडली तर काय द्याल? देव म्हणाले, तुम्हाला कधी अन्न कमी पडणार नाही, आणि कोरड्या माळरानातसुद्धा पाणी सापडेल. किड्यांनी दोरी कुरतडली, धनुष्याची टोकं ताडकन उडाली आणि विष्णूचं मस्तक तुटलं. तेच पुढे आकाशात सूर्य झालं, असं ती गोष्ट सांगते.

गोष्ट चमत्काराची आहे. पण आपल्याला हवं आहे ते पुढेच. त्या किड्यांना ग्रंथात वम्री म्हटलं आहे. आणि लगेच सांगणारा थांबून खुलासा करतो की वम्री म्हणजे उपदीका. बघा हं. अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा या किड्याला दोन नावं होती, आणि एक नाव घेतलं की दुसरं सांगावं लागत होतं. तिथे सांगणाऱ्याने कोणाला हसून खाली बसवलं नाही. दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवली आणि पुढे गेला.

ही उपदीका म्हणजेच आपल्या उधईची पणजी. अथर्ववेदात तिचंच उपजीका असं रूप येतं. तिथे म्हटलं आहे की उपजीका खोल पाण्यातून औषध वर काढून आणतात, म्हणजे त्या काळचे लोक तिची ओली माती औषधी समजत. (इथे एक सांगून ठेवतो. जुन्या ग्रंथात आहे म्हणून कोणी वारुळाची माती जखमेवर लावू नका. मातीतून धनुर्वात होतो. जखम धुवा आणि दवाखान्यात जा.)

पुढे संस्कृतात उपदेहिका हेही रूप मिळतं. आणि लोकांच्या बोलीत, म्हणजे पाली आणि प्राकृत भाषांत, हा शब्द आणखी मऊ झाला. पालीत तो उपचिका झाला. बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ म्हणजे विनयपिटक. त्यात चीवरं कुठे ठेवावी याचा प्रसंग आहे. भिक्खू मांडवात, झाडाखाली, झाडाच्या ढोलीत चीवरं ठेवत, आणि ती उंदूर आणि उपचिका खाऊन टाकत. म्हणजे उंदीर आणि उधई! हे वाचलं तेव्हा आम्ही दोघी-तिघी मोठ्याने हसलो. पेटीतलं लुगडं काढल्यावर आपली आजी ज्या दोघांना शिव्या घालते, तेच दोघे तिथे जोडीनं उभे. मग भगवान बुद्धांनी भिक्खूंना भांडार ठेवायची परवानगी दिली, वस्तू नीट राखण्यासाठी वेगळी जागा. संघाचं भांडार सुरू व्हायला जी कारणं झाली, त्यातलं एक उधई आहे.

जैनांच्या प्राकृत ग्रंथांत तर शब्द जवळजवळ आपल्या दारात येऊन उभा राहतो. उत्तराध्ययन सूत्रात सगळ्या जिवांची मोजदाद आहे. कोणाला एक इंद्रिय, कोणाला दोन, कोणाला तीन. तीन इंद्रियांच्या जिवांत मुंगीच्या पंक्तीला बसलेलं नाव आहे उद्देहिया. आता उद्देहिया हा शब्द भरभर म्हणून बघा. द आणि ह एकमेकांना चिकटले की ध होतो. उद्देहिया, उदेही, उधई. शेतात काम करता करता हाक मारताना शब्द असाच घासला जातो. गुजरातीत आजही या किड्याला उधईच म्हणतात, आणि तिथे तो शिकल्या-सवरल्यांचा शब्द आहे. गुजरातच्या वर्तमानपत्रात उधई छापतात, कोणी हसत नाही. तापीच्या खोऱ्यातून खाली गेलं की सुरत येतं. आपली पूर्णा त्याच तापीला मिळते. एका नदीच्या खालच्या काठावर जो शब्द शुद्ध, तो वरच्या काठावर अशुद्ध कसा?

उधळी या रूपाबद्दल लोक गमतीने म्हणतात की घर उधळून लावते म्हणून उधळी. ऐकायला बरं वाटतं. पण उधईत ळ नाहीच, त्यामुळे तिला हे लागू पडत नाही. तो कानाचा खेळ आहे.

मग वाळवी कुठून मोठी झाली? वाळवी शब्दही चांगला आहे, आपलाच आहे, आम्हाला त्याच्याशी भांडण नाही. पण तो दरबारी कसा झाला याला राज्यकारभाराचा इतिहास आहे. आपला वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. १८५३ साली तो इंग्रजांच्या कारभारात गेला. १९०३ पासून तो नागपूरच्या मध्य प्रांताला जोडला गेला. तिथे मराठीबरोबर हिंदीही होती, म्हणून आपल्याकडे काही जुने लोक दीमक असंही म्हणतात. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६७ साली पुण्यात बालभारती सुरू झाली आणि साऱ्या राज्याच्या पोरांना एकसारखी पुस्तकं मिळू लागली. हे फार चांगलं झालं, आम्ही त्याच पुस्तकांवर शिकलो. पण पुस्तक एकच म्हटलं की शब्दही एकच निवडावा लागतो. पुण्याकडचा शब्द पुस्तकात बसला आणि आपला घरी राहिला. एवढंच झालं. शुद्ध-अशुद्धाचा निवाडा कोणी केला नव्हता. तो आपण आपल्याच मनाने करून घेतला. आता २०२३ साली 'वाळवी' नावाचा मराठी सिनेमा आला, चांगला चाललाही. आमच्या एका गटातल्या पोरीने विचारलं, हा उधईचाच सिनेमा का? हो बाई, नावापुरता.

इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सन नावाच्या साहेबांनी साऱ्या हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली. मराठीचा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडीचेही नमुने आहेत. पद्धत अशी होती की बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट गावोगावच्या बोलीत सांगायला लावायची आणि ठरलेल्या यादीतले शब्द विचारायचे. त्या यादीत गाय आहे, कुत्रा आहे, मांजर आहे, कोंबडा, बदक, गाढव, आणि आपल्याकडे कोणी पाळत नाही तो उंटही आहे. किडा-मुंगी मात्र एकही नाही. उंटाला वऱ्हाडीत काय म्हणतात हे सरकारने लिहून घेतलं आणि उधईला काय म्हणतात ते राहिलं! त्यातून घरातल्या सारवणाशी, कोठीशी, लाकडाशी ज्यांचा रोजचा संबंध, त्या बायांना किती विचारलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. आमचं मत असं आहे की बोलीतले किड्यांचे, भाज्यांचे, भांड्यांचे शब्द बायांनी सांभाळले. आणि ते कोशात कमी गेले तेही त्यामुळेच.

शब्दाचं झालं. पण नावाबरोबर जी समज येते ती जास्त कामाची आहे. इंग्रज लोक उधईला पांढरी मुंगी म्हणायचे. तेच नाव काही पत्रकांतून मराठीतही आलं. आणि त्याने नुकसान झालं. उधई मुंगी नाही. शास्त्रज्ञ तिला झुरळाच्या घराण्यात धरतात. मुंगी आणि उधई एकमेकींच्या वैरिणी आहेत, मुंग्या उधई पकडून नेतात. पांढरी मुंगी म्हटलं की बाई दुकानातून मुंग्यांची पावडर आणते आणि चौकटीखाली रेघ मारते. वर फिरणाऱ्या चार उधया मरतात. पण खाली मातीत घर तसंच असतं, राणी तशीच असते, आणि ती दिवसाला हजारो अंडी घालत असते. आठ दिवसांत नवी नळी रेघ चुकवून दुसरीकडून वर येते. पैसे गेले, आणि विष घरात राहिलं.

उधईच्या घराची रीत वेगळीच आहे. मधमाशीत काम करणाऱ्या सगळ्या माद्या. मुंगीतही तसंच. उधईत मात्र कामाला नर आणि मादी दोन्ही असतात, आणि राणीसोबत राजाही जन्मभर राहतो. हे ऐकून एका बैठकीत एक बाई म्हणाली, म्हणजे आपल्यापेक्षा बरं चाललंय त्यांचं. हशा पिकला, आणि मग त्यावरच अर्धा तास बोलणं झालं. असो.

आपल्या भागातल्या बऱ्याच उधया घरात बुरशीची शेती करतात. वाळलेलं लाकूड, पाला, काड्या खायच्या, त्याचा मऊ थर रचायचा, त्यावर बुरशी वाढवायची आणि ती खायची. पावसाळ्यात वारुळावर किंवा त्याच्या जवळपास ज्या पांढऱ्या छत्र्या उगवतात, त्यातल्या काही याच शेतीतून वर आलेल्या असतात. गडचिरोली, गोंदियाकडे त्यांना सात्या म्हणतात आणि बाजारात चांगला भाव येतो. पण ओळख नसताना कोणी तोडून खाऊ नका. विषारी छत्र्याही तशाच पांढऱ्या दिसतात.

आता वारूळ. नागपंचमीला आपण वारुळाला जातो, हळद-कुंकू वाहतो, लाह्या वाहतो. नाग तिथे राहतो म्हणून. पण नाग काही माती उकरून घर बांधत नाही. वारूळ बांधते उधई. कणकण माती लाळेत मळून, आत हवा खेळेल असे रस्ते ठेवून, वर्षानुवर्षं. उधईने सोडलेल्या किंवा पडझड झालेल्या भागात नाग येऊन बसतो. आपल्याकडे म्हण आहेच, आयत्या बिळावर नागोबा. ज्याने ती म्हण पहिल्यांदा म्हटली त्याने वारूळ नीट पाहिलेलं होतं. आम्ही पूजा करू नका असं म्हणत नाही. हळदीची एक चिमूट उधईच्याही नावाने टाका, इतकंच.

जुन्या लोकांनी वारुळाला किती नावं ठेवली तेही बघण्यासारखं आहे. अमरकोश हा संस्कृतचा जुना शब्दकोश, त्यात वारुळाला वामलूर, नाकु आणि वल्मीक अशी नावं आहेत. वामलूर हा शब्द तोंडात घोळवला की वारूळ ऐकू येतं. वल्मीकातून वाल्मीकी ऋषींचं नाव, तप करता करता ज्यांच्या अंगावर वारूळ चढलं ते. महाभारतात च्यवन ऋषींची गोष्टही तशीच आहे. राजकन्या सुकन्येला वारुळात दोन काजवे चमकल्यासारखे दिसले, तिने काट्याने टोचलं, आणि ते ऋषींचे डोळे निघाले. मग त्या म्हाताऱ्या ऋषींशी तिचं लग्न लावून दिलं. वारुळात बसायची हौस ऋषींची, आणि भरपाई पोरीने करायची. ही गोष्ट सांगताना आमचा आवाज जरा चढतो, त्याबद्दल राग मानू नका.

देवांनी वम्रींना काय दिलं होतं आठवतं का? कोरड्या माळरानात पाणी सापडेल. हे बोलणं हवेतलं नव्हतं. उधईचं अंग मऊ असतं, ती कोरड्या हवेत वाळून मरते. म्हणून ती घर सतत ओलसर ठेवते आणि ओलीसाठी खोल जाते. हे आपल्या जुन्या लोकांनी पाहिलं होतं. सहाव्या शतकात उज्जैनीला वराहमिहिर नावाचे विद्वान होते. त्यांच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी ओळखण्यावर एक सबंध अध्याय आहे, त्याचं नाव दकार्गल. दक म्हणजे उदक, पाणी. त्यात झाडं आणि वारुळं यांच्यावरून खुणा दिल्या आहेत. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला थोड्या खोलीवर गोडं पाणी, अशा त्या खुणा. झाड कोणतं, वारूळ कोणत्या बाजूला, तसं पाण्याचं अंतर बदलतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, म्हणून हे ऐकून कोणाचा जीव हरखला तर नवल नाही. पण वारूळ पाहून बोअर खोदू नका. मातीतली ओल आणि विहिरीला पुरेल इतकं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वराहमिहिरांच्या काळी हाताने खोदलेल्या उथळ विहिरी होत्या, आज आपण खडकात शेकडो फूट जातो आणि त्यासाठी कर्ज काढतो. जिल्ह्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय असतं, आधी तिथे विचारावं. गटातून बोअरसाठी कर्ज मागणाऱ्या ताईंना आम्ही हेच सांगतो.

आता त्या गव्हाच्या कोठीचं. तो प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहिला, पण नंतर आम्ही दोन-तीन ठिकाणी विचारून घेतला आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांनाही विचारला. दोघांचं बरंचसं सारखं निघालं. कोठी भिंतीला टेकवू नये, वीतभर अंतर ठेवावं. फळी मातीवर टेकू नये, खाली दगड किंवा विटा घालाव्या, म्हणजे उधईला वर यायला नळी बांधावी लागेल आणि ती नळी डोळ्याला दिसेल. दिसली की खरडून काढायची, आणि ती कुठून आली ते मागे मागे बघत जायचं. भिंतीला ओल कुठून येते ते आधी बंद करायचं, कारण ओल असेल तिथे उधई असेल. पऱ्हाटी आणि तुराट्यांचे ढीग भिंतीला लावून रचायचे नाहीत. आपल्या भागातली ही सगळ्यात वाईट सवय, ढीग म्हणजे उधईला दिलेलं आवतणच. पूर्वी लाकडाला बिब्याचं तेल लावत. ते चालतं, पण बिबा अंगावर उततो, हाताला आणि तोंडाला लागू देऊ नका. धान्याच्या जागी कोणतंही कीडनाशक शिंपडू नका. शेतातल्या उभ्या पिकाला उधई असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी त्यांच्याकडे असतात. आणि गटाची दप्तरं! मासिक बैठकीचं रजिस्टर, पासबुकं, कर्जाचे कागद लाकडी फळीवर किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवू नका. पत्र्याच्या पेटीत ठेवा, पेटी विटांवर ठेवा, आणि महिन्यातून एकदा उघडा. कागद हे उधईला लाकडासारखंच, फक्त चावायला सोपं. दहा वर्षांची बचत कोणी किती भरली हे एका पावसाळ्यात पुसलं जाऊ शकतं, आणि मग भांडण बायाबायांत लागतं.

अर्ज लिहिताना काय करावं हेही आम्ही ठरवून टाकलं आहे. नुकसानीचा अर्ज असो, कृषी खात्याला प्रश्न असो, दोन्ही नावं लिहायची. उधई, आणि पुढे कंसात वाळवी. वाचणारा साहेब कोणत्याही जिल्ह्यातला असला तरी त्याला कळेल, आणि आपलं नावही कागदावर राहील. बोलताना मात्र उधईच म्हणायचं. कोणी हसलं तर उपदीका, उपचिका, उद्देहिया हे तीन शब्द सांगायचे. आमच्या दोन गटांतल्या बायांनी ते पाठ केले आहेत. मागच्या बैठकीत एकीने बँकेच्या साहेबांना न विचारताच ऐकवले. साहेबांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

एक गोष्ट अजून आमच्या वहीत कोरी आहे. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून पंखवाल्या उधया निघतात, दिव्याभोवती गर्दी करतात, आणि सकाळी ओसरीवर नुसते पंख पडलेले असतात. त्या जोडीने जमिनीत शिरून नवं घर मांडतात. भिंतीच्या कडेला असे पंख दरवर्षी एकाच जागी सापडत असतील तर घर जवळच आहे असं समजा. पण या पंखवाल्या उधयांना तुमच्या गावात काय म्हणतात? आम्ही विचारलं तर प्रत्येक गावात वेगळं उत्तर आलं, कोणी म्हणालं पाखरं, कोणी नुसतं मिरगाचे किडे. तुमच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. ती जो शब्द सांगेल तो जसाच्या तसा लिहा, सुधारू नका. शब्दाखाली तिच्या माहेरच्या गावाचं नाव घाला आणि गटाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या.